किमान दोन पानं

"चार ओळी म्हणजे लिहिणं नव्हे," इंदूबाई म्हणाल्या. वामनरावांच्या बैठकीत बसलेले सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, कारण इंदूबाई आपलं लिखाण वाचून झालं की सहसा तोंड उघडत नसत.

रामदासपेठेतल्या वामनरावांच्या घरी दर रविवारी सकाळी हे मंडळ जमायचं. सगळ्यांनी मिळून कल्पनेतलं एक गाव वसवलं होतं, नदीकाठचं. प्रत्येकानं त्या गावातला एकेक माणूस घेतला होता. आठवडाभरात त्या माणसाच्या तोंडून लिहून आणायचं, आणि एकानं जिथं सोडलं तिथून दुसऱ्यानं धरायचं. वामनराव गावचे वैद्य होते. शाळेत शिकवणारी पुष्पलता सावकारीण झाली होती. इंदूबाई माहेरी परत आलेली सावित्री. आणि शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरी करणारा चंद्रभान गावचा नावाडी.

त्या सकाळी चंद्रभाननं वाचलं होतं ते एवढंच: "आज पाणी चढलं. दिवसभर कोणी आलं नाही. सावित्रीनं पलीकडून हाक मारली. मी नाव सोडली नाही."

मग इंदूबाई बोलल्या होत्या.

"माझी सावित्री पुराच्या काठावर उभी राहून तुम्हाला हाका मारते," त्या पुढे म्हणाल्या. "आणि तुम्ही म्हणता, नाव सोडली नाही. का नाही सोडली? भीती वाटली? राग होता? पुढच्यानं धरायचं काय?"

"माझा नावाडी कमी बोलते, बाई," चंद्रभान म्हणाला. "त्याले बोलता आलं असतं तर तो दिवसभर पाण्याजवळ काहून बसला असता?"

दोघेतिघे हसले. इंदूबाई हसल्या नाहीत.

"नियमच करा," त्या वामनरावांकडे वळून म्हणाल्या. "प्रत्येकानं कमीत कमी दोन पानं आणायची. नाही आणली तर त्याला मंडळात ठेवायचं नाही."

पुष्पलता म्हणाली, "असं केलं की लोक पानं भरतात, इंदूबाई. नुसता सूर्य उगवायलाच अर्धं पान जाईल."

"जाऊ दे. पण दोन पानं झालीच पाहिजेत."

वाद बराच रंगला. कोणी म्हणालं, लिहिणं काय कापड आहे गजानं मोजायला? कोणी म्हणालं, पण मग आम्हीच राबायचं आणि दुसऱ्यानं चार ओळींवर सुटायचं, हे कसं? इंदूबाई प्रत्येकाला उत्तर देत होत्या, न अडखळता, सगळं पाठ करून आल्यासारखं. शेवटी हात वर करायला सांगितले. दोन्ही बाजूंना सारखेच हात आले. वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि नियमाच्या बाजूनं मत दिलं.

चंद्रभाननं आपला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मंग माझ्या नावाड्याले पुरात वाहून जाऊ द्या," तो म्हणाला. रागावलेला दिसला नाही. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि सायकल काढून निघून गेला. इंदूबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत खाली पाहत राहिल्या.

इंदूबाईंना घ्यायला त्यांचे यजमान मनोहरराव स्कूटरवर आले, तेव्हा वामनराव फाटकापर्यंत आले.

"एवढं ताणायला नको होतं," ते इंदूबाईंना हळूच म्हणाले.

"नियमाचं तेवढं यांना तुम्हीच सांगा," इंदूबाई म्हणाल्या.

महाल भागातल्या त्यांच्या घरात बाया दोनच, इंदूबाई आणि त्यांची सासू कौसल्याबाई. बाकी सगळे पुरुष. सासरे भैय्याजी, मनोहरराव, त्यांचे दोन बिनलग्नाचे भाऊ, आणि शिकायला ठेवलेला एक पुतण्या. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळे रेडिओभोवती आडवे व्हायचे. कॉमेंटरी चालायची, आणि चहा, भजी, पाणी, पुन्हा चहा.

"आता घरी लिहायला वेळ द्यावा लागेल आई हिला," मनोहररावांनी जेवताना सांगितलं. "दोन पानांचा नियम झाला. नाही लिहिलं तर काढून टाकतात."

कौसल्याबाईंनी हातातली पळी आपटली. मंडळाचं नाव काढलं की त्या चिडायच्याच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"दोन पानं? मंग चुलीपाशी कोन बसन? मोठी लेखिका झाली!"

"ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय मी. आता तिला काढलं तर माझी काय राहील?"

भैय्याजींनी मान हलवली. "लिहू दे वं तिले."

"लिहू दे म्हनता. पन ते वर जाऊन खिडकीतून रस्ता पायत बसन," कौसल्याबाई म्हणाल्या. "मलेच बसा लागन तिच्यापाशी. पानं भरल्याबिगर उठू देनार नाही."

इंदूबाई खाली मान घालून कागद आणि पेन घेऊन माडीवर गेल्या. मागून गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, कौसल्याबाई जिना चढल्या.

"बिचाऱ्या वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "आई आता मानगुटीवर बसणार."

वर कौसल्याबाईंनी दार लावलं, कडी घातली. खालून कोणीतरी चहासाठी ओरडलं.

"लिहून राहिली ते!" कौसल्याबाई दाराआडूनच गरजल्या. "तुमचा तुमी करून घ्या!"

मग त्यांनी सतरंजी पसरली, एक उशी सुनेकडे सरकवली, दुसरी आपल्या डोक्याखाली घेतली आणि पाय लांब केले. इंदूबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि शेजारी आडव्या झाल्या.

"कोनी काही म्हनलं?"

"एक जण मंडळ सोडून गेले. सगळ्यांत चांगलं तेच लिहायचे."

कौसल्याबाई तिच्याकडे कुशीवर वळल्या.

"मी शिकवलं तसंच बोलली नं तू?"

"शब्द न् शब्द, आई."

"बरं." कौसल्याबाईंनी डोळे मिटले. "पुढच्या खेपेस चार पानं करून घेजो वं."