भिंतीवरच्या चित्रातली बाई

नेपरव्हिलच्या घरी जेवणं झाल्यावर दिगंबरकाका पाहुण्यांना इटलीतल्या जुन्या चर्चचे फोटो दाखवत होते. घुमटाची उंची त्यांना स्वतःच्या ब्लडप्रेशरपेक्षा पक्की पाठ होती. सुलभाकाकू मात्र त्या चर्चमध्ये शिरल्याच नव्हत्या. गुडघ्यांचं कारण सांगून बाहेर कॉफी पीत बसल्या होत्या.

"हे भिंतीवरचं चित्र सहाशे वर्षांपूर्वीचं. चर्च बांधून देणारा व्यापारी आणि त्याची बायको."

"काकू, ही तर सेम तुम्ही!" पाहुण्यांपैकी सावनी ओरडली.

सगळे हसले. काकांनी फोटो मोठा केला. काकूंच्या भुवईवरचा व्रणसुद्धा चित्रात तसाच होता.

"काय गं, हे गृहस्थ कोण?" काकांनी थट्टेत विचारलं.

काकूंनी हातातल्या वाट्या टेबलावर ठेवल्या.

"अहो, आपली ओळख व्हायच्या आधीचं आहे ते," त्या खालच्या मानेने म्हणाल्या. "सांगणारच होते मी."