वेटिंग रूमची काच

माणूस गेलं की खिडकी उघडायची, जिवाला वाट करून द्यायची, ही त्या आयरिश खेड्यातली रीत. बायको ब्रीज गेली तेव्हा कॉर्मकने मात्र खिडकी बंदच ठेवली.

मग तो टेबलावर गावच्या कधीच बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनचं छोटं मॉडेल बांधत बसला. काडेपेटीएवढ्या वेटिंग रूममध्ये त्याने नखाएवढी ब्रीज बसवली.

चहा घेऊन आलेली बहीण उना वाकून म्हणाली, "काच धुरकटलीय बघ."

त्याने बोटाने पुसली. वाफ आतून होती.

उनाने कप टेबलावर ठेवला. "कॉर्मक, पुरे झालं रे. खिडकी उघड. जाऊ दे तिला."

"या गारठ्यात? अजून कोट रंगवायचा राहिलाय तिचा," म्हणत त्याने छपराची शेवटची फट डिंकाने बुजवली.

आतून काचेवर टकटक सुरू झाली, आधी अगदी हळू.