एल्सीची धाकटी

"डावीकडं घे," मर्टल म्हणाली. "मला ठाऊक आहे हा रस्ता."

रेलीननं गाडी हळू केली. डावीकडं रस्ता नव्हताच. लाल मातीत जुन्या चाकांचे दोन चरे तेवढे दिसत होते.

"आई, तू तीन वर्षांची होतीस."

"तीन वर्षांची असले म्हणून काय झालं? डोळे होते ना मला!"

रेलीन हसली आणि सरळच निघाली. किनाऱ्यावरचं पोर्ट ऑगस्टा गाव सोडल्याला आज तिसरा दिवस. मागं दोन अंथरुणं, पाण्याचे कॅन, पिठाचा डबा आणि एक फाटलेला टायर. रस्ता इतका खडबडीत होता, की मर्टलनं कवळी काढून रुमालात बांधून ठेवली होती.

सहासष्ट वर्षांपूर्वी सरकारी गाडी आली होती आणि आदिवासी वस्त्यांवरची, गोऱ्या बापांपासून झालेली उजळ रंगाची लेकरं उचलून दक्षिणेतल्या पाद्र्यांच्या आश्रमात घेऊन गेली होती. मर्टल तिथंच वाढली. लग्न झालं, रेलीन झाली, नवरा गेला. घर कुठलं, आई कोण, कुणी सांगितलं नाही. मग हिवाळा लागताना नोंदी शोधणाऱ्या कार्यालयातून फोन आला. तुमची मोठी बहीण जिवंत आहे. एल्सी. तुम्हाला बोलावते आहे.

मर्टलपाशी लहानपणातलं एकच चित्र होतं. पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथवर. कुणाच्या तरी कडेवरून पाहिलेलं. जन्मभर ती त्याला समुद्र समजत आली होती.

दुपारी खाऱ्या तळ्याचा काठ आला. पाण्याचा थेंब नाही, नुसतं मीठ, पार आभाळाला टेकलेलं. मर्टल गाडीतून उतरली, बूट काढले आणि चालत आत गेली. परतली तेव्हा गाल ओले होते.

"समुद्र नव्हताच, रेली. हे होतं. हेच." मग ती म्हणाली, "आवाज यायचा पण. धाडधाड, थांबायचाच नाही."

"वारा असेल."

"हो. वाराच असणार."

त्या संध्याकाळी त्यांनी कोरड्या नाल्याकाठी मुक्काम टाकला. रेलीननं निखाऱ्यात पाव भाजला, डब्यात चहा उकळला. मर्टल घासच घेईना.

"पहिल्यांदा काय म्हणू तिला? 'कशी आहेस' म्हणू?"

"आई, बहीण आहे ती. मुलाखतीला नाही चाललीस तू."

"तिला मी आवडले नाही तर?"

रेलीननं आईच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पोचल्या. दहाबारा पत्र्याची घरं, पाचसहा कुत्री. झाडाखाली घोंगडीवर एल्सी बसली होती. पंचाहत्तरीची, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला. गाडीचा आवाज ऐकून तिनं दोन्ही हात पुढं केले.

मर्टल समोर गुडघ्यांवर बसली. एल्सीनं तिचा चेहरा हातात घेतला. कपाळ, कान, हनुवटी सगळं चाचपलं. फार वेळ लावला. मग एल्सीनं असा हंबरडा फोडला, की शेजारपाजारच्या बायका धावत आल्या आणि त्याही रडू लागल्या.

"आलीस गं, धाकटे. आलीस."

"मर्टल म्हणतात तिला," रेलीन म्हणाली.

"मी धाकटीच म्हणणार," एल्सी म्हणाली. "आणि तू मला आई म्हण. आमच्यात आईच्या बहिणीला मावशी म्हणत नाहीत."

राखेत भाजलेली कांगारूची शेपटी आली. मर्टल नुसतीच चघळत राहिली.

"दात कुठं आहेत गं तुझे?"

"रुमालात."

दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. मग एल्सीनं हातातलं हाड कुत्र्यापुढं टाकलं.

"आम्ही नाल्यात लपलो होतो," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं, धाकटीचा हात सोडू नकोस. गाडीचा आवाज जवळ आला आणि मी भ्याले. हात सोडला आणि पळाले. मागून हाक येत होती, मी वळले नाही."

मर्टलनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "नऊ वर्षांची पोर होतीस तू. माझ्या मनात काही नाही. ऐकलंस? काही नाही."

एल्सी अंधार पडेपर्यंत तशीच पडून राहिली.

चार दिवस गेले. मर्टल वस्तीच्या भाषेतले शब्द घोकू लागली, चुकली की बायका हसायच्या आणि तीही हसायची. पाचव्या दिवशी तिनं सांगून टाकलं, "रेली, तू जा परत. मी इथंच राहते."

निघायच्या सकाळी रेलीन दवाखान्याचा एक कागद घेऊन एल्सीपाशी बसली. "आईचं हृदय जरा कमजोर आहे. डॉक्टरांनी विचारलंय, घरात आणखी कुणाला होता का असा त्रास? आजीला? तुला?"

"माझं काही लिहू नकोस त्यात."

"का?"

"डॉक्टर खरं समजेल आणि भलतंच औषध देईल."

रेलीनला वाटलं, थट्टा करतेय. पण एल्सी हसत नव्हती. लांबून बायकांसोबत लाकडं गोळा करणाऱ्या मर्टलचा आवाज येत होता. तो पुरेसा लांब आहे, याची एल्सीनं कान देऊन खात्री केली.

"फोनवाली पोरगी म्हणाली, ही बाई अकरा वर्षं शोधतेय. कुठंच काही जुळत नाही. तिचं नाव तेवढं तुमच्या बहिणीशी जुळतंय. मी म्हटलं, माझीच आहे ती, पाठव."

"मग?"

एल्सीनं रेलीनचा हात शोधून घट्ट धरला.

"माझी धाकटी आश्रमात पहिल्याच हिवाळ्यात गेली, पोरी. पाद्र्यानं येऊन आईला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते."