दोन पाइप खाली

पंचशीलानं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पान्हा हातात घेतला आणि हापशापाशी उकिडवी बसली. ती बसते न बसते तोच घागरी घेऊन बसलेल्या बायांतून चतुराबाई म्हातारी उठून पुढं आली.

"पोरी, हापसा मोडलाय, तिथं कशाला बसलीस?"

"मोडलाय म्हणूनच आले, आजी. नीट कराया."

झालं. तो जाडाभरडा, बाप्याचा आवाज ऐकला आणि म्हातारीनं भुईवर डोकं टेकलं. लुगड्यातला बाप्या म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेलं माणूस, साक्षात देवीच आली, म्हणाली. साऱ्या बाया पटापट उठल्या. तीन वर्षं ढग नुसते तोंड दाखवून जात होते. अशात देवी आपल्या पायानं गावात आल्यावर तिला सोडतंय कोण?

पंचशीलाला देवी नको होती, चिठ्ठी हवी होती. जिल्हा नवा झालेला, ऑफिस नवं, आणि हापसे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांची यादी उद्या लागायची होती. साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि सांगितलं होतं, की या गावच्या सरपंचाची चिठ्ठी आण, 'मिस्त्री पंचशीला हिनं हापसा दुरुस्त केला' म्हणून. मग यादीत नाव घालतो. नांदेडच्या वर्कशॉपात बारा वर्षं तिनं मोटारी खोलल्या होत्या, पण तेव्हा अंगात पँट होती आणि नाव दुसरं. तिला घेऊन आलेल्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर मलप्पा माणूस भला. वाटेत म्हणाला, की माझी जादा पँट आहे मागं, ती चढव, चिठ्ठी हां हां म्हणता मिळंल. तिनं ऐकलं नाही. ऐकायचंच असतं तर नांदेड कशाला सोडलं असतं?

तेवढ्यात सरपंच गुरुपादप्पा आले. त्यांनी खांद्यावरचा टावेल काढून हात जोडले.

"हापसा ऱ्हाऊ द्या, माय. पावसाचं काय ते मागा."

"पाऊस माझ्या हातात न्हाई, सरपंच. हापशाचं वायसर हाय."

लोकांनी माना डोलावल्या. देवीचं बोलणं असं कोड्यातच असतं म्हणे. पंचशीलानं नट सैल करायला घेतला.

एरवी पाइप वर ओढायला चार गडी मागितले, की गावं तोंड लपवतात. इथं बारा जण धावले, वर सेवा घडली म्हणून पाया पडले. पंचशीला एकेक गोष्ट दाखवत होती. पाणी आटलं नाही, खाली बसलंय. आतलं कातडी वायसर झिजलंय, ते बदलते. दोन पाइप वाढवते, म्हणजे पाणी गाठता येईल. ऐकतंय कोण? तिनं नटाला पान्हा लावला की बाया वरून हळद टाकायच्या. ग्रीस पिवळं झालं, पान्हा निसटायला लागला, बोटं सोलून निघाली. मी माझं काम करून राहिले, तेवढं करू द्या, असं तिनं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा हळदच पडली.

शेवटी तिचं डोकं फिरलं. तिनं पान्हा खाली आपटला.

"मी देवीची न्हाई. बौद्धाच्या घरची हाय. आमच्यात देवी न्हाई."

हळद टाकणारे हात मागं गेले. गावातली बौद्ध माणसं या हापशावर येत नव्हती. ओढ्यापलीकडच्या विहिरीवर डोक्यावर घागरी घेऊन चाललेल्या त्यांच्या बाया तिनं येताना जीपमधून पाहिल्या होत्या. बोलून बसली खरी, आणि मग तिची नजर गड्यांच्या हातांकडं गेली. आता मारतात, का नुसतं हाकलतात? बारा गड्यांनी पाइपावरचे हात काढून घेतले. सरपंच खाली मातीकडं बघायला लागले.

"देवीला कुठं आली जात?" चतुराबाई म्हणाली आणि तिनं पुन्हा हात जोडले.

सगळ्यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. गडी पाइपाला भिडले, हळद पुन्हा सुरू झाली. पंचशीलानं पान्हा उचलला. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं, निदान त्या तिला तरी असत्या.

दुपार कलता कलता तिनं दांडा धरला. वीस दाब कोरडे गेले. मग हापसा खाकरला, आधी गढूळ आणि मागनं नितळ पाणी धो धो पडलं. बाया रडायला लागल्या. पंचशीलालाही भरून आलं. तिच्या हातांनी आणलं होतं ते, तिच्या अकलेनं. घटकाभर ती सगळं विसरली.

विसरली तेवढ्यात बायांनी तिला पाटावर बसवून तिची ओटी भरली. खण, नारळ, उसने आणलेले तांदूळ. चारी बाजूंनी बाया, मांडीवर ओटी, उठता येईना. तिनं बसल्या बसल्याच पिशवीतून कागद काढला आणि सरपंचांपुढं धरला. जे झालं ते लिहा, म्हणाली.

गुरुपादप्पांनी आनंदानं लिहिलं. गोल अक्षरात सही केली, शिक्का मारला, कागद कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. तिनं वाचलं: 'देवीचा हात लागताच हापसा चालू झाला. दुरुस्तीची गरज पडली नाही.'

"अन् मिस्त्री?" तिनं विचारलं. तिनं कागद परत पुढं केला. "मिस्त्रीचं नाव लिवा की, सरपंच."

गुरुपादप्पांनी गर्दीवरून नजर फिरवली, जीपमध्ये घोरणाऱ्या मलप्पाकडं पाहिलं, आणि मग तिच्यापुढं नम्रपणे वाकून म्हणाले, "मिस्त्री कुठं आला होता, माय?"