आठवं डोकं

चित्रातलं पाणी अजून ओलं होतं. सत्यभामानं बोट पुढं नेलं तसा चाँदपाशा ओरडला, "हात नको लावू बेटी, रंग पसरंल!"

तिनं हात मागं घेतला. लेकराला दुसऱ्या कडेवर घेऊन ती नुसत्या डोळ्यांनी शोधू लागली. नळदुर्गचा किल्ला होता. बोरी नदीचा बंधारा होता. भरल्या पाण्यात मखमलीची नाव, नावेत जागीरदार नवाबसाहेब, वर छत्री. काठावर बाजेवाले. पाण्यात कुणीच नव्हतं.

"आमचं माणूस कुठंय, चाचा?"

चाँदपाशानं मान खाली घातली. दुकानांच्या पाट्या आणि मोहरमचे ताबूत रंगवणारा माणूस तो. नवाबसाहेबांच्या देवडीचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि हुकूम एकच होता : नाव आपोआप चालताना दिसली पाहिजे.

नाव कसली! गूळ आटवायच्या दोन काहिली एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर मखमल. ती पार पाण्याला टेकलेली. तिच्याआड, काहिलींच्या फटीत डोकी घालून आठ कोळी नाव ढकलत होते. त्या दिवशी पाणीमहालाच्या पायऱ्यांना नाव लागली, तोफ उडाली, बाजा वाजला. मखमलीखालून सात जण बाहेर आले. आठवा उत्तरेश्वर, सत्यभामाचा नवरा. तो आलाच नाही. बंधाऱ्याच्या मोऱ्या उघड्या होत्या. प्रेतही सापडलं नाही.

"बुडाला नाही, पळाला," असं पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब म्हणाले. मावळतीला, सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते. जवान पोरं रोज तिकडं पळत होती. भाऊ हजर होईस्तोवर म्हणून उत्तरेश्वरच्या धाकट्या भावाला, महारुद्रला, ठाण्यात नेऊन डांबलं. चौथ्या दिवशी सत्यभामा भाकरी घेऊन गेली, तर त्याला ती हातात धरता येईना. तिनं घास करून भरवले. लेकराला भरवते तसे.

बाकीचे सात कोळी गप्प होते. नवाबसाहेबांच्या मखमलीखाली माणसं होती, हे बोलायचं कुणी?

काल ती अमीनसाहेबांच्या पाया पडली. ते हसले. "त्या दिवशी चाँदपाशा बंधाऱ्यावर बसून सगळं बघत होता. त्याच्या चित्रात तुझा नवरा पाण्यात दिसला, तर बघू."

म्हणून ती इथं आली होती.

"एक डोकं काढा, चाचा. लई न्हाय, एकच."

"हुकूम मोडला तर माझे हात जातील बेटी."

"महारुद्रचे गेलेत."

चाँदपाशानं तिच्या कडेवरच्या लेकराकडं पाहिलं. उत्तरेश्वर हरसाल त्याच्या ताबुताला खांदा द्यायचा. शेवटी त्यानं सगळ्यात बारीक कुंचला उचलला.

"नावेजवळ सावली आहे. तिथं काळ्यात काळं, दिसायचंच नाही," तो पुटपुटला. "लांब, उजेडात काढतो. नाव कुणी ढकलतंय असंही दिसणार नाही." मग त्यानं मोकळ्या पाण्यात डोकं काढलं. उन्हं मावळतीची होती. चेहऱ्यावर ऊन पडावं म्हणून त्यानं तोंड मावळतीकडं वळवलं.

सत्यभामा श्वास धरून बघत होती. बाहेर आलेला कान, मोडकं नाक. तोच होता.

"हात बी काढा, चाचा. त्यानं हात वर केलाच असंल. कुणी धरावं म्हून."

चाँदपाशानं हात काढला.

रंग वाळायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तिनं लेकराला क्षणभरही खाली ठेवलं नाही. चौथ्या दिवशी चाँदपाशानं चित्र ठाण्यात नेऊन भिंतीला टेकवलं. अमीनसाहेबांनी चष्मा चढवला. नवाबसाहेब बघितले, छत्री बघितली, मग पाणी.

"हाय का न्हाय, साहेब?" तिचा आवाज चिरकला.

"आहे की." अमीनसाहेब खूश दिसले. "वा चाँदपाशा, हुबेहूब!" त्यांनी शिपायाला हाक मारली. "त्या महारुद्रला बाहेर काढ."

आठ दिवसांत पहिल्यांदा सत्यभामानं लेकराला भुईवर ठेवलं.

"आणि हे चित्र दाखव त्याला," अमीनसाहेब म्हणाले. "म्हणावं, बघ तुझा भाऊ. हात मारत सोलापूरकडं चाललाय. आता कुठल्या कॅम्पात आहे, तेवढं सांग."

सत्यभामानं पुन्हा चित्राकडं पाहिलं. चित्रातलं पाणी आता पुरतं वाळलं होतं, आणि त्यात उत्तरेश्वर खरंच पोहत होता.