निळं पातं

"आधी डोळे मिटा," बायको म्हणाली. हर्नियाचं ऑपरेशन होऊन घड्याळवाले नऊ दिवसांनी घरी आले होते, आणि तिने त्यांना धड बसूही दिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. त्यांना सोडायला आलेले मित्र, दातांचे डॉक्टर, उघड्या डोळ्यांनी उभे होते. त्यामुळे जे बघायचं ते आधी त्यांनाच बघावं लागलं.

कुण्या युरोपियन घोडदळातल्या अधिकाऱ्याची ती दोनशे वर्षांची वाकडी तलवार. घड्याळवाल्यांनी जमवून भिंतीवर लावलेल्या बारा जुन्या तलवारींत पहिला मान तिचा. पात्याचा मुठीकडचा अर्धा भाग गडद निळा, आणि त्या निळ्यावर सोनेरी मुलाम्याची नक्षी: वेली, निशाणं, उधळलेला घोडेस्वार. या निळ्यापायी डॉक्टर सहा वर्षं घड्याळवाल्यांच्या मागे लागले होते. बदल्यात आपल्या दोन तलवारी द्यायला तयार होते, वर आयुष्यभर दात फुकट.

आता ते पातं टोकापासून मुठीपर्यंत धुतलेल्या चमच्यासारखं लखलखत होतं.

डॉक्टरांचं तोंड त्यांच्याच पेशंटसारखं उघडं राहिलं.

"हं, उघडा," बायको म्हणाली. "चार दिवस घासतेय. पितळ घासायच्या पेस्टची निम्मी डबी संपली. ते निळं-काळं काही केल्या निघेना. पण मी सोडते की काय!"

घड्याळवाल्यांनी तलवार खिडकीशी नेली. हॉस्पिटलातही खिशात असलेलं भिंग डोळ्याला लावलं. पातं उलटवलं, जणू निळा रंग पलीकडच्या बाजूला जाऊन बसला असेल. ती बाजूही तितक्याच मेहनतीने घासलेली होती. बायको अर्धवट काम करणाऱ्यांतली नव्हती. कोरलेल्या रेषा तेवढ्या उरल्या होत्या. घोडेस्वार बर्फात अडकल्यासारखा दिसत होता.

ते पाठमोरेच उभे राहिले.

"आवडली नाही?" तिचा आवाज उतरला.

"छान झालीय. हात दुखले असतील तुझे."

"दुखू देत. राहिलेल्या अकरा उद्यापासून घेते."

डॉक्टरांना खोकला आला. "वहिनी, अकरा म्हणजे फार होतात हो..."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याकडे तर नुसता गंज असेल."

हिशेब सरळ होता. खरं सांगावं तर तिचे चार दिवस आणि हा फुललेला चेहरा, दोन्ही गेले. न सांगावं तर अकरा तलवारी. सेकंदकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला एवढी वजाबाकी करायला बराच वेळ लागला.

मग त्यांनी भिंतीवरची दुसरी, मुठीपाशी बोटभरच निळं असलेली तलवार काढली आणि बायकोला खिडकीशी बोलावून भिंग तिच्या हातात दिलं. तीस वर्षांत त्या भिंतीपाशी तिला झटकणीसुद्धा न्यायची मुभा नव्हती.

"बघ."

ती वाकली. "निळं... त्यात पिवळं... घोडा आहे का हा? अगंबाई, शेपटीचा केस न् केस काढलाय!" ती थांबली. "हे सोनं आहे?"

"हो."

"आणि निळं?"

"पोलाद तापवून आणतात. नेमक्या क्षणी विस्तवावरून काढलं तरच हा रंग येतो."

तिने टेबलावरच्या लखलखीत पात्याकडे बघितलं.

"त्याच्यावर होतं का हे?"

डॉक्टर बुटांकडे बघू लागले.

"होतं," घड्याळवाले म्हणाले. "निम्मं तर मीच हाताळून घालवलं होतं."

हे साफ खोटं होतं. हातमोज्यांशिवाय त्यांनी ते पातं कधी धरलं नव्हतं. डॉक्टरांनी मान डोलावून साक्ष दिली.

तिने भिंग खाली घेतलं.

"तीस वर्षं एका घरात आहोत," ती म्हणाली. "एकदा तरी जवळ बोलावून दाखवायचं होतं."

घड्याळवाल्यांनी दुसरी तलवार हलकेच टेबलावर ठेवली.

तिने डोळे पुसले. "पुढची काढा. आणि नुसतं 'बघ' म्हणू नका. काय बघायचं ते सांगा."

घड्याळवाल्यांनी तिसरी तलवार उतरवली, आणि मूठ तिच्याकडे केली.