तडजोडीची एकच संधी

वीजचोरीच्या गुन्ह्यात दंड भरून तडजोड एकदाच करता येते, हे लाँड्रीवाल्या आईला पुरते ठाऊक होते. तिची संधी मागेच संपली होती. आताही मीटर चुकवून इस्त्रीला वीज देणारी वायर तिनेच जोडली होती. टेबलावरच्या वायरीकडे बोट दाखवत अधिकाऱ्याने विचारले, “ही करामत कोणाची?” साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी आई घडी घातलेले कपडे पुन्हा मोजू लागली. “माझी,” मागून तिचा मुलगा म्हणाला. “पहिलीच चूक आहे, साहेब. तडजोड करून टाका.” वायर सोलताना कापलेले बोट तिने पदराआड लपवले. मुलाने कबुलीवर सही करून दंड भरला. “सुटलास बाबा, नाहीतर जामिनासाठी कोर्टाचे उंबरे झिजवले असतेस,” अधिकारी म्हणाला आणि तिच्याकडे वळला. “आजी, दोन शब्द सुनावा याला.” मुलाने मान खाली घातली. आईने नेहमीच्या जरबेने विचारले, “लाज कशी नाही वाटली रे तुला?”